लहान ट्रॅक्टरास फवारणीचा ब्लोअर कसा निवडावा

आपल्या जिल्ह्याची शेती म्हटली म्हणजे पूर्वीं ज्वारी, बाजरी आणि पाटाच्या पाण्यावरचा ऊंस एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहत असे. २०२४ सालीं अहमदनगराचें अहिल्यानगर झालें. पण त्याच्या पुष्कळ आधींच शेतीचें हें चित्र पालटूं लागलें होतें. संगमनेर, राहाता, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत वगैरे तालुक्यांत हलक्या व मुरमाड जमिनींवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. राहात्याकडे पेरू, श्रीगोंद्याकडे लिंबू आणि जेथें पाण्याची बरी सोय आहे तेथें द्राक्षें आलीं. बागेच्या पाठोपाठ पंधरापासून तीस अश्वशक्तीचा, झाडांच्या दोन ओळींमधून सहज जाणारा लहान ट्रॅक्टरही आला. ह्या ट्रॅक्टरास जोडावयाच्या अवजारांपैकीं नांगर, फण, रोटाव्हेटर हीं शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. परंतु फवारणीचा ब्लोअर हें अवजार महाग असूनही तें घेतांना विचार मात्र सर्वांत कमी होतो, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. शेजाऱ्यानें घेतला म्हणून, दुकानदारानें टाकी मोठी दाखविली म्हणून, किंवा रंग डोळ्यांत भरला म्हणून ब्लोअर घरीं येतो; आणि पहिल्याच पावसाळ्यांत तो बांधावर उभा राहतो. असें होऊं नये म्हणून ह्या अवजाराची पारख कशी करावी तें येथें सविस्तर लिहीत आहों.

थंड देशांत ह्याच आकाराच्या ट्रॅक्टरांना हिवाळ्यांत वाटेवरचें बर्फ दूर फेकण्याचें यंत्र जोडतात. तेथील मालकापुढेंही हेच प्रश्न असतात: ट्रॅक्टराच्या शाफ्टाला शक्ति किती, तो वजन किती पेलतो, आणि यंत्राकडून काम कोणतें घ्यावयाचें? आपल्याकडे बर्फाच्या जागीं औषधाचा तुषार आहे, एवढाच काय तो भेद. यंत्र प्रथम पाहून मग तें ट्रॅक्टरास जुळतें कीं नाहीं हें पाहणें म्हणजे जू आधीं करून मग त्या मापाचे बैल शोधण्यासारखें आहे.

ब्लोअराची गरज कोणास?

ब्लोअर म्हणजे केवळ फवारणीचा मोठा पंप नव्हे. पंपानें औषधाचे बारीक थेंब करावयाचे आणि पंख्याच्या वाऱ्यानें ते झाडाच्या पोटांत नेऊन सोडावयाचे, असे हे दोन धंदे तो एकाच वेळीं करतो. हातांतील गननें फवारतांना पाण्याचा दाबच थेंबांना पुढें ढकलतो. त्यामुळें बाहेरचीं पानें न्हाऊन निघतात, पुष्कळसें औषध ओघळून जमिनीवर पडतें, आणि आंतल्या फांद्या व पानांची खालची बाजू कोरडी राहते. नेमके तेथेंच फुलकिडे, कोळी आणि पिठ्या ढेकूण वस्तीला असतात. ब्लोअराचा वारा पानें हलवितो, उलटवितो आणि थेंब आंत घेऊन जातो. ह्यांतच त्याचें खरें महत्त्व आहे.

दुसरें महत्त्व वेळेचें. डाळिंबावरील तेल्या हा जंतुजन्य रोग पावसाच्या थेंबांबरोबर झाडावरून झाडावर पसरतो. मृग बहाराचीं फळें ऐन पावसाळ्यांत वाढतात. म्हणून उघडीप मिळाली कीं त्या थोडक्या तासांत सारी बाग फवारून निघणें ह्यावर पुष्कळदां हंगामाचें बरेंवाईट अवलंबून असतें. दोन गडी, लांब नळी आणि गन घेऊन पांच एकर बाग फवारावयास दिवस जातो, आणि तेवढ्यांत पुन्हां सर येते. ब्लोअरानें हेंच काम अर्ध्या दिवसाच्या आंत होऊं शकतें. द्राक्षांवरील केवडा व भुरी ह्यांच्या बाबतींतही हीच गोष्ट आहे.

तथापि ज्याची बाग एक एकराच्या आंत आहे, झाडें अद्याप दोन वर्षांचीं आहेत, किंवा ओळींमध्यें आंतरपीक आहे, त्यानें ब्लोअराची घाई करूं नये. लहान रोपांवर पंख्याचा वारा सोडला तर थेंब झाडावर बसण्याऐवजीं पलीकडे उडून जातात आणि पैसा वाऱ्यावर जातो.

प्रथम ट्रॅक्टर पाहावा

ट्रॅक्टराच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ति ही इंजिनाची असते. मागच्या पी.टी.ओ. शाफ्टावर त्यांपैकीं साधारणतः शेंकडा ८० ते ८५ एवढीच मिळते. म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराच्या शाफ्टावर १९ ते २० अश्वशक्ति समजावी. त्यांतूनच चढावर ट्रॅक्टर चालण्यास, टाकी ओढण्यास आणि चिखलांतून निघण्यास शक्ति राखून ठेवावी लागते. म्हणून ब्लोअराची एकंदर गरज शाफ्टाच्या शक्तीच्या दोनतृतीयांशाहून अधिक नसावी, असा ठोकताळा आम्ही सुचवितों. २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास सुमारें १३ अश्वशक्ति घेणारा ब्लोअर शोभतो. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास ८ च्या आंतला.

ही शक्ति जाते कोठें? पुष्कळांची समजूत अशी कीं पंपच सारी शक्ति खातो. वस्तुस्थिति तशी नाहीं. मिनिटास ४० लिटर पाणी चौरस सेंटिमीटरास २० किलो दाबानें सोडणाऱ्या पंपास जेमतेम दोन-सव्वादोन अश्वशक्ति लागते. बाकी सारी पंखा घेतो. आणि पंख्याचा नियम मोठा विलक्षण आहे. त्याच्या फेऱ्या वाढल्या तर वारा त्याच प्रमाणांत वाढतो, पण शक्ति मात्र त्या प्रमाणाच्या घनानें वाढते. शाफ्टाच्या ५४० फेऱ्यांच्या जागीं ४५० च फिरविल्या तर वारा शेंकडा ८३ उरतो आणि शक्ति शेंकडा ५८ च पुरते. ह्या नियमाचा फायदा असा कीं झाडें विरळ असतांना फेऱ्या थोड्या कमी करून डिझेल पुष्कळ वांचवितां येतें. मात्र त्याबरोबर पंपाचें पाणीही कमी होतें. म्हणून दाब व मोजमाप पुन्हां तपासावें.

तोट्याची बाजूही आहे. कांहीं लहान ट्रॅक्टरांत शाफ्टाला ५४० शिवाय ७५० फेऱ्यांचीही गति असते. ५४० साठीं बनविलेला पंखा चुकून ७५० वर टाकला तर शक्ति सुमारें पावणेतीन पट लागते. इंजिन दबतें, दांत्यांची पेटी तापते, आणि पातें तुटून उडालें तर जीवावर बेततें. म्हणून ट्रॅक्टर चालविणाऱ्यास ही गोष्ट पहिल्या दिवशींच समजावून द्यावी.

तिसरी गोष्ट गियराची. फवारणीचा योग्य वेग डाळिंबांत साधारणतः ताशीं अडीच ते चार किलोमीटर असतो. शाफ्ट ५४० वर फिरत असतां त्याच इंजिनाच्या फेऱ्यांवर एवढ्या मंद गतीचा गियर ट्रॅक्टरास आहे काय? नसल्यास ट्रॅक्टर एकतर पळतो किंवा फेऱ्या कमी करून वारा मरतो. हें पाहणें सोपें आहे. बागेंत ५० मीटर अंतर मोजून दोन खुंट्या ठोकाव्या आणि तें अंतर किती सेकंदांत कापलें जातें तें पाहावें. बरोबर एक मिनिट लागलें तर वेग ताशीं ३ किलोमीटर झाला.

उचलण्याचा कीं ओढण्याचा?

ब्लोअर दोन प्रकारचे मिळतात. एक ट्रॅक्टराच्या मागच्या लिंकेजवर उचललेला, दुसरा स्वतःच्या दोन चाकांवर ओढीचा. येथें वजनाचा हिशेब केल्याखेरीज पाऊल टाकूं नये.

समजा, ट्रॅक्टर ७०० किलोचा आहे. त्यांपैकीं ४२० किलो मागच्या चाकांवर आणि २८० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर दीड मीटर आहे. उचललेला ब्लोअर रिकामा १५० किलोचा, टाकींत ३०० लिटर पाणी, मिळून ४५० किलो झाले. हा भार मागच्या आंसाच्या मागें एक मीटरवर लोंबतो असें धरलें तर तराजूच्या न्यायानें पुढच्या चाकांवरून ४५० भागिलें दीड, म्हणजे ३०० किलो वजन उचललें जातें. पुढें होतें अवघें २८०. म्हणजे पुढचीं चाकें जमिनीवर टेकणारच नाहींत! सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी निघाली तरी बांध चढतांना तोंड वर करील आणि सुकाणूं चालणार नाहीं. दुकानदार सांगतो कीं ह्या ट्रॅक्टराचें हायड्रॉलिक ७०० किलो उचलतें. तें खोटें नसतें. पण हायड्रॉलिक किती उचलतें हा एक प्रश्न आहे, आणि तें उचलून ट्रॅक्टर उभा राहतो काय हा दुसरा.

टाकी २०० लिटरची घेतली तर एकंदर भार ३५० किलो होतो, आणि पुढून २३३ किलो उचलले जाऊन ४७ किलो उरतात. हेंही पुरेसें नाहीं. ट्रॅक्टराच्या वजनाच्या निदान पंचमांश भार पुढच्या चाकांवर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ह्या ट्रॅक्टरास १४० किलो हवेत. त्यासाठीं पुढच्या आंसाच्या पुढें अर्ध्या मीटरवर सुमारें ७० किलोचीं वजनें बसवावीं लागतील. हीं वजनें ब्लोअराच्या किंमतीबरोबरच धरावीं. तीं हौसेची वस्तु नव्हे.

ओढीच्या ब्लोअराचा भार त्याच्याच चाकांवर असतो, म्हणून ४०० ते ६०० लिटरची टाकी लहान ट्रॅक्टर ओढूं शकतो. परंतु त्याच्याही अडचणी आहेत. पहिली, वळणाची. आपल्याकडे पुष्कळांनीं झाडें थेट बांधापर्यंत लावलेलीं असतात. ट्रॅक्टर व त्यामागची टाकी फिरण्यास ओळीच्या शेवटीं मोकळी जागा नसेल तर प्रत्येक वळणास मागेंपुढें करावें लागतें, फांद्या मोडतात आणि ठिबकच्या नळ्या चाकाखालीं येतात. दुसरी, उताराची. ६०० लिटर पाणी आणि ३०० किलो यंत्र मिळून ९०० किलो होतात. म्हणजे मागचा भार ट्रॅक्टराहून जड. अकोलें, संगमनेर, पारनेर ह्या भागांतील डोंगरउतारावर असा भार मागून ढकलूं लागला म्हणजे लहान ट्रॅक्टराचे ब्रेक त्यास पुरे पडत नाहींत. तिसरी, जमिनीची. मुरमाड रानांत चार चाकें काय नि सहा काय, फरक पडत नाहीं. परंतु काळ्या जमिनींत पावसानंतर, म्हणजे नेमकी फवारणीची निकड असते तेव्हां, भरलेली टाकी रुतून बसते.

सारांश, सपाट, मुरमाड जमीन, लांब ओळी आणि वळणास जागा असेल तर ओढीचा ब्लोअर उत्तम. लहान तुकडे, अरुंद बांध किंवा चढउतार असेल तर २०० लिटरचा उचललेला ब्लोअर पुढच्या वजनांसह घ्यावा आणि टाकी अधिक वेळां भरावी. टाकी भरण्याचे श्रम होतात खरे, पण ते ट्रॅक्टर उलटण्यापेक्षां स्वस्त पडतात.

वारा किती असावा?

जाहिरातींत टाकीचें माप मोठ्या अक्षरांत आणि वाऱ्याचें माप बारीक अक्षरांत असतें. खरेदी करणाऱ्यानें उलट वाचावें. झाडाच्या पोटांत जी हवा आहे ती बाहेर सारून तिच्या जागीं तुषारयुक्त हवा भरावयाची, हें पंख्याचें काम. म्हणून ट्रॅक्टराचा ताशीं वेग मीटरांत, ओळींमधील अंतर आणि झाडाची उंची ह्यांचा गुणाकार करावा, आणि पर्णभार दाट असेल तर सुमारें दोननें, विरळ असेल तर तीननें भागावें. डाळिंबाची लागवड पुष्कळ ठिकाणीं साडेचार मीटर बाय तीन मीटरवर असते. झाडाची उंची २.४ मीटर व वेग ताशीं ३,००० मीटर धरल्यास गुणाकार ३२,४०० येतो. म्हणजे विरळ बागेस ताशीं सुमारें ११,००० घनमीटर आणि दाट बागेस सुमारें १६,००० घनमीटर वारा पुरतो. ह्याहून फार मोठा पंखा घेणें म्हणजे डिझेल जाळून औषध शेजाऱ्याच्या रानांत पाठविणें होय.

पंखा पाहतांना आणखी तीन गोष्टी पाहाव्या. एक, पंखा एकाच बाजूस फिरत असल्यानें वारा एकीकडे वर व दुसरीकडे खालीं जातो. हा दोष घालविण्यासाठीं पंख्यामागें वारा सरळ करणारीं स्थिर पातीं बसविलेलीं असावीं. दुसरी, दांत्यांच्या पेटींत पंखा बंद ठेवून केवळ पंप चालविण्याची सोय असावी. म्हणजे औषध ढवळतांना किंवा टाकी भरतांना पंखा उगाच फिरत नाहीं. तिसरी, पंख्याचें तोंड भक्कम जाळीनें झांकलेलें असावें. नाहीं तर वाळलेलीं पानें, काड्या आणि कधीं उपरण्याचें टोकही आंत खेंचलें जातें.

पंप, टाकी आणि नोझल

पंप पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा असावा. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत द्राक्षांवरील केवड्यासाठीं मोरचूद व चुन्याचें मिश्रण प्रचारांत आलें, आणि आजही डाळिंबाच्या बागेंत तें आपण वापरतों. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना ह्या प्रमाणांतील हें मिश्रण आणि पाण्यांत मिसळणाऱ्या इतर भुकट्या दट्ट्याच्या पंपाचें आंतलें अंग घांसून टाकतात. पडद्याच्या पंपांत औषधाचा स्पर्श हलत्या लोखंडी भागांस होत नाहीं, म्हणून तो अधिक टिकतो. मात्र पडदा रबरी असल्यानें तो तालुक्याच्या गांवीं मिळतो काय आणि गांवचा मिस्त्री तो बदलूं शकतो काय, हें खरेदीपूर्वीं विचारावें. ऐन पावसाळ्यांत पडदा फाटला आणि तो परगांवाहून येण्यास आठ दिवस लागले तर ब्लोअर असून नसल्यासारखा होतो.

टाकी प्लॅस्टिकची, गुळगुळीत आंगाची, तळाशीं उतार असलेली आणि तळांतूनच पूर्ण रिकामी होणारी असावी. आंत औषध सतत ढवळणारी पाण्याची धार असावी. नाहीं तर भुकटी तळीं बसून पहिल्या ओळींत औषध अधिक व शेवटच्या ओळींत पाणीच पडतें. भरण्याच्या तोंडाशीं, पंपापूर्वीं आणि नोझलांपूर्वीं अशा तीन ठिकाणीं गाळण्या हव्या. आपल्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं क्षारयुक्त आहे. तेथें ह्या गाळण्या दररोज धुतल्याच पाहिजेत. हात धुण्यासाठीं स्वच्छ पाण्याची निराळी लहान टाकी ज्या यंत्रावर आहे, तें यंत्र आम्ही अधिक पसंत करूं.

नोझल चिनी मातीच्या तबकडीचे घ्यावे. पितळी नोझलाचें छिद्र भुकटीनें लौकर मोठें होतें. प्रत्येक बाजूचें पाणी स्वतंत्र बंद करण्याची सोय अवश्य पाहावी. बागेच्या कडेच्या ओळींत एकच बाजू फवारावयाची असते, आणि पलीकडे शेजाऱ्याची मेथी किंवा गुरांचा घांस असतो.

पिकाप्रमाणेंही नोझलांची मांडणी बदलते. डाळिंब हें झुडूप जमिनीपासून हात-दीड हातावर सुरू होऊन सात-आठ फुटांवर संपतें. तेथें नोझल दोन्ही बाजूंस पंख्याप्रमाणें पसरलेले असावे व सर्वांत वरचे बंद करतां यावे. मांडवावरच्या द्राक्षांस तुषार खालून वर जावा लागतो. लिंबाचीं जुनीं झाडें उंच व दाट असतात. त्यांस वाऱ्याचा जोर अधिक लागतो. एकाच ब्लोअरावर दोन पिकें करावयाचीं असल्यास नोझल फिरविणें व बंद करणें हातांनीं, पान्यावांचून, होतें काय तें पाहावें.

मोजमाप

यंत्र चांगलें असून मोजमाप नसेल तर औषध एकतर कमी पडतें किंवा जळतें. हिशेब असा: हेक्टरीं लिटर, ताशीं किलोमीटर आणि ओळींचें मीटरांतील अंतर ह्यांचा गुणाकार करून ६०० नें भागावें; उत्तर मिनिटाचे लिटर येतें. हेक्टरीं १,००० लिटर, ताशीं ३ किलोमीटर व साडेचार मीटर अंतर असल्यास मिनिटास साडेबावीस लिटर पाणी लागतें. दहा नोझल असतील तर प्रत्येकानें मिनिटास सव्वादोन लिटर द्यावें. पंखा बंद ठेवून प्रत्येक नोझलास नळी लावावी आणि एक मिनिट पाणी मापांत धरावें. जो नोझल शेंकडा दहाहून अधिक जास्त देईल तो बदलावा.

ह्याच हिशेबानें एकरीं सुमारें ४०० लिटर पाणी आणि सुमारें १८ मिनिटांची चाल होते. वळणें व टाकी भरणें धरून तासाला दीड ते पावणेदोन एकर काम निघावें. विक्रेता ह्याहून फार मोठा आंकडा सांगूं लागला तर तो टाकी भरण्याचा वेळ विसरला आहे असें समजावें.

खरेदीपूर्वीं परीक्षा

ब्लोअराची परीक्षा दुकानासमोरच्या रस्त्यावर होत नाहीं, ती स्वतःच्या बागेंत आणि स्वतःच्याच ट्रॅक्टरावर व्हावी. टाकींत निव्वळ पाणी भरावें. झाडाच्या पलीकडच्या अंगास फांद्यांवर कापडाच्या हलक्या चिंध्या बांधाव्या. ट्रॅक्टर जातांना त्या चिंध्या हलक्या फडकल्या तर वारा योग्य. निश्चल राहिल्या तर अपुरा. ताठ उडाल्या तर जास्त. मग झाडाच्या मध्यभागीं हात घालून आंतल्या पानांची खालची बाजू पाहावी. तेथें सुटे, बारीक थेंब दिसले पाहिजेत. ओघळ दिसतां कामा नयेत. पाणी लागतांच पिवळ्याचा निळा होणारा कागदही बाजारांत मिळतो. तो पानांच्या आंतबाहेर टांचून ठेवल्यास परीक्षा अधिक चोख होते. अशी परीक्षा देण्यास जो विक्रेता कां-कूं करील, त्याच्याकडून यंत्र न घेणें बरें.

सरकारी कसोटीचा अहवालही मागावा. मध्यप्रदेशांत बुदनी येथें ट्रॅक्टर व अवजारांची परीक्षा करणारी केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. आपल्या जिल्ह्यांत राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें कृषि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि बाभळेश्वर व दहिगांव-नें येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. एवढीं साधनें हाताशीं असतां केवळ दुकानदाराच्या शब्दावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं.

चालविणाऱ्याचा जीव

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले, हें कोणीही विसरूं नये. ट्रॅक्टरावर बसलें म्हणजे विषापासून दूर झालों, ही समजूत घातक आहे. लहान ट्रॅक्टरास बहुधा बंद खोली नसते. मागून सुटलेला तुषार वाऱ्याची दिशा फिरतांच चालविणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून योग्य मुखपट्टी, चष्मा, हातमोजे, अंगभर कपडे आणि पायांत बूट असल्याखेरीज कोणासही बसूं देऊं नये, मग तो घरचा मुलगा असो वा रोजंदारीचा गडी. फवारणी सकाळीं लौकर किंवा सायंकाळीं, वारा शांत असतांना करावी. बहार फुलांत असतां आणि मधमाशा बागेंत फिरत असतां कीटकनाशक फवारणें म्हणजे आपलीच फळधारणा आपण मारणें होय.

फिरत्या शाफ्टावर प्लॅस्टिकचें आवरण असतें. तें कांहीं जण अडचण म्हणून काढून टाकतात. मिनिटास ५४० म्हणजे सेकंदास नऊ फेरे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा उपरणें एकदां त्यांत सांपडलें कीं हात मागें घेण्यास अवधि मिळत नाहीं. आवरण तुटलें तर त्याच दिवशीं नवें घालावें. नोझल तुंबला तर शाफ्ट बंद करून, इंजिन थांबवून मगच खालीं उतरावें, आणि तो तोंडानें कधींही फुंकूं नये.

खर्चाचा विचार

आतां शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न: एकट्यानें घ्यावा कीं चौघांनीं मिळून? उदाहरणार्थ किंमत २ लाख रुपये धरूं. दहा वर्षांनंतर दशांश किंमत येईल असें मानल्यास घसारा वर्षास १८,००० रुपये. सरासरी गुंतलेल्या १ लाख १० हजारांवर दरसाल शेंकडा १० नें व्याज ११,००० रुपये. दुरुस्ती व आडोसा १०,००० रुपये. एकूण वर्षास ३९,००० रुपये झाले. डिझेल व चालक निराळे. तीन एकरांची बाग व वर्षाच्या पंचवीस फवारण्या असतील तर एकरीं फवारणीस ५२० रुपये पडतात. हाच ब्लोअर दहा एकरांवर फिरला तर १५६ रुपये पडतात. आंकडे प्रत्येकानें आपापले घालावे; पण रीत हीच.

तीन एकरांच्या मालकानें कर्ज काढून एकट्यानें यंत्र घेतलें आणि एक बहार तेल्यानें गेला, तर फळांबरोबर यंत्राचा हप्ताही डोक्यावर बसतो. अशीं घरें आमच्या माहितींत आहेत. म्हणून तीन-चार शेजाऱ्यांनीं मिळून घेणें आम्हांस अधिक पसंत आहे. अडचण एकच, आणि ती खरी आहे: उघडीप सर्वांना एकाच दिवशीं मिळते. तेव्हां एका ब्लोअरावर दहा-बारा एकरांहून अधिक बाग घेऊं नये, पाळी आधींच लिहून ठेवावी, आणि प्रत्येक पावसानंतर पहिला मान फिरता असावा. रोगट बागेंतून निघालेलें यंत्र व चाकें धुतल्याखेरीज दुसऱ्याच्या बागेंत नेऊं नयेत. ज्या जिल्ह्यानें प्रवरानगरास १९५० सालीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना चालवून दाखविला, त्या जिल्ह्यांतील चार शेजाऱ्यांना एक ब्लोअर एकोप्यानें वापरतां येऊं नये, असें आम्हांस वाटत नाहीं.

यांत्रिकीकरणासाठीं सरकारी अनुदानही मिळूं शकतें. त्यासाठीं महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमति हातीं येण्यापूर्वीं खरेदी केल्यास अनुदान बुडतें, हें ध्यानांत ठेवावें. मात्र अनुदान मिळतें म्हणून नको असलेलें किंवा ट्रॅक्टरास न पेलणारें यंत्र घेऊं नये. अर्ध्या किंमतींत मिळालेली चुकीची वस्तु ही पूर्ण किंमतीची चूक असते.

थोडक्यांत क्रम असा: आधीं बाग पाहावी, मग ट्रॅक्टर, मग वजन, मग वारा, मग पंप व नोझल, आणि सर्वांच्या शेवटीं टाकी व रंग. ज्या सभासदांनीं ब्लोअर वापरला असेल त्यांनीं आपली जमीन, ओळींचें अंतर, ट्रॅक्टराची अश्वशक्ति, एकरीं लागलेलें पाणी व डिझेल आणि आलेल्या अडचणी लिहून पाठविल्यास त्यांचा उपयोग इतर सर्वांस होईल. बहार धरण्यापूर्वींचा हा विसाव्याचा काळच यंत्र पारखण्याचा आहे. ढग भरून आल्यावर घाईनें केलेली निवड क्वचितच बरोबर ठरते.